विश्लेषण : केंब्रिजमध्ये शिकताना सैनिकी वाट धरणारे कोल्हापूरचे जनरल श्रीनागेश कोण होते?

डिजिटल डेस्क, शाहूपुरी (कोल्हापूर)

पदवी आधी की वर्दी? सैन्यात अधिकारी होऊ पाहणाऱ्या कोल्हापूरच्या मुलामुलींच्या घरी हा प्रश्न आजही निघतो. शंभर वर्षांपूर्वी तो कोल्हापुरातच जन्मलेल्या एका तरुणासमोर आला होता. पुढे हा तरुण देशाचा लष्करप्रमुख झाला. नाव, जनरल सत्यवंत मल्लण्णा श्रीनागेश.

केंब्रिजमधून सँडहर्स्टला कसे गेले?

श्रीनागेश यांचा जन्म ११ मे १९०३ रोजी कोल्हापुरात झाला. तेव्हा संस्थानात राजर्षी शाहू महाराजांचा कारभार होता. वडील डॉक्टर होते आणि हैदराबादच्या निजामाचे खासगी वैद्य म्हणून काम पाहत. मुलाला त्यांनी शिक्षणासाठी इंग्लंडला पाठवले. वेस्ट बकलँड शाळेनंतर तो केंब्रिज विद्यापीठात पोहोचला. तिथे शिकत असतानाच १९२१ मध्ये त्याने सँडहर्स्टच्या रॉयल मिलिटरी कॉलेजचा रस्ता धरला.

हा निर्णय मोठा का होता?

पहिल्या महायुद्धापर्यंत भारतीय सैनिकाला ‘किंग्ज कमिशन’ मिळणे जवळपास अशक्य होते. सुभेदार कितीही अनुभवी असला तरी नवख्या गोऱ्या लेफ्टनंटच्या हाताखालीच राही. १९१८ मध्ये सँडहर्स्टची दारे उघडली, पण संपूर्ण भारतासाठी वर्षाला जागा होत्या फक्त १०. खर्चही पालकांनीच करायचा. उलट केंब्रिजच्या शिक्षणातून वकिली, सनदी सेवा असे प्रतिष्ठेचे मार्ग खुले होते. श्रीनागेश यांनी निवडलेल्या वाटेवर भारतीय अधिकाऱ्याला किती वर चढू देतील, याची हमी कोणीच देत नव्हते.

‘आठ युनिट’ योजना काय होती?

ऑगस्ट १९२३ मध्ये त्यांना कमिशन मिळाले. त्याच वर्षी ब्रिटिशांनी ‘आठ युनिट’ योजना आणली. भारतीय अधिकाऱ्यांना ठरावीक आठ पलटणींतच नेमायचे, म्हणजे गोऱ्या अधिकाऱ्याला भारतीय वरिष्ठाचा हुकूम मानावा लागणार नाही, असा हिशेब होता. कागदावर कमिशन सारखे, प्रत्यक्षात कुंपण वेगळे.

श्रीनागेश यांनी सुरुवातीचे एक वर्ष प्रथेप्रमाणे ब्रिटिश पलटणीत काढले. मग ते मद्रास पायोनियर्समध्ये गेले. रस्ते बांधणारी आणि गरज पडल्यास लढणारी ही पलटण १९३३ मध्ये बरखास्त झाली. तिथून त्यांची रवानगी १९व्या हैदराबाद रेजिमेंटच्या चौथ्या बटालियनमध्ये झाली. या दोन्ही पलटणी त्या आठांतल्याच. दहा वर्षांच्या नोकरीनंतर पलटण बदलली, पण कुंपण तेच राहिले. हैदराबाद रेजिमेंट आज कुमाऊँ रेजिमेंट म्हणून ओळखली जाते.

हे कुंपण कधी तुटले?

दुसऱ्या महायुद्धात अधिकारी कमी पडू लागले आणि भारतीयांना बढती द्यावीच लागली. स्वातंत्र्यानंतर काश्मीरच्या लढाईत श्रीनागेश यांनी कोअरचे नेतृत्व केले. २७ जुलै १९४९ च्या कराची करारावर भारतातर्फे त्यांनीच सही केली. याच कराराने काश्मीरमधील युद्धविराम रेषा ठरली.

१४ मे १९५५ रोजी ते लष्करप्रमुख झाले आणि मे १९५७ पर्यंत त्या पदावर राहिले. त्यांच्यानंतर आलेले जनरल थिमय्या हेही त्याच हैदराबाद रेजिमेंटचे. ज्या योजनेने भारतीय अधिकाऱ्यांना बाजूला ठेवले, तिच्याच पलटणींतून स्वतंत्र भारताचे सेनापती निघाले.

निवृत्तीनंतर ते हैदराबादच्या अॅडमिनिस्ट्रेटिव्ह स्टाफ कॉलेजचे पहिले प्राचार्य झाले. पुढे आसाम, आंध्र प्रदेश आणि म्हैसूरचे राज्यपालपद त्यांनी सांभाळले. २७ डिसेंबर १९७७ रोजी त्यांचे निधन झाले.

आज वाट कशी आहे?

१९३२ मध्ये देहरादूनची अकादमी सुरू झाली आणि सँडहर्स्टची गरज संपली. आता पदवीच्या शेवटच्या वर्षात असतानाच ‘सीडीएस’ परीक्षा देता येते. ‘एनसीसी’चे ‘सी’ प्रमाणपत्र आवश्यक श्रेणीसह असेल तर विशेष प्रवेशासाठी लेखी परीक्षा नसते, थेट ‘एसएसबी’ मुलाखतीसाठी निवड होऊ शकते. म्हणजे पदवी आणि वर्दी यांपैकी एकच निवडण्याची वेळ आता येत नाही. खर्च सरकार करते आणि कोणत्याही पलटणीचे दार भारतीय म्हणून बंद नसते. श्रीनागेश यांना १९२१ मध्ये यातले काहीच मिळाले नव्हते.