नाना शंकरशेट

जुहूच्या एखाद्या मुलाने पार्ल्याला आगगाडीत बसून दक्षिणेकडे जावे, ग्रँट रोड स्थानकावर उतरावे आणि थोडे चालावे, म्हणजे तो एका गजबजलेल्या चौकात येतो. या चौकाचे नाव नाना चौक. रोज हजारो माणसे तेथून जातात. परंतु हे नाना कोण, असा प्रश्न फार थोड्यांच्या मनात येतो. मुंबईत आगगाडी यावी म्हणून झटणारे, मुलांना स्वभाषेतून शिक्षण मिळावे म्हणून वाद घालणारे आणि राज्यकारभारात आपल्या लोकांना स्थान असावे अशी मागणी करणारे हे एक थोर व्यापारी होते. जगन्नाथ शंकरशेट हे त्यांचे नाव. लोक त्यांना आदराने व प्रेमाने नाना म्हणत.

नानांचा जन्म १० फेब्रुवारी १८०३ रोजी झाला. त्यांचे मुरकुटे घराणे मूळचे ठाणे जिल्ह्यातील मुरबाडचे. नानांच्या पूर्वजांनी मुंबईत येऊन व्यापारात मोठी संपत्ती मिळविली होती. १८२२ मध्ये वडील शंकरशेट निवर्तले आणि अवघ्या एकोणीस वर्षांच्या नानांवर पेढीचा सारा भार पडला. तरुण वय आणि हाताशी अमाप पैसा, अशा वेळी पाऊल घसरावयास वेळ लागत नाही. परंतु नानांनी आपली सचोटी ढळू दिली नाही. अरबस्तान व अफगाणिस्तान येथील व्यापारीसुद्धा आपले द्रव्य पेढ्यांत व बँकांत न ठेवता नानांच्या स्वाधीन करीत. शब्दाला जागणारा माणूस, हीच त्यांची खरी पत होती.

ही पत नानांनी लोककार्यासाठी वापरली. त्या काळी मुंबईचे गव्हर्नर असलेल्या माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन यांच्या पाठिंब्याने शहरात नव्या शिक्षणाची संस्था निघाली. तिच्या कामात नाना तरुणपणापासूनच पुढे होते. पुढे १८४० मध्ये सरकारने शिक्षणमंडळ नेमले. त्यात तीन भारतीय सभासद होते. नाना त्यांपैकी एक. या मंडळावर त्यांनी सोळा वर्षे काम केले.

मंडळात लवकरच एक मोठा वाद उभा राहिला. मंडळाचे अध्यक्ष एर्स्किन पेरी हे विद्वान न्यायाधीश होते. शिक्षणासाठी पैसा थोडा आहे, तेव्हा तो थोड्या लोकांना इंग्रजीतून उत्तम शिक्षण देण्यात खर्चावा, असे त्यांचे मत होते. नाना इंग्रजी उत्तम जाणत आणि त्या भाषेचे महत्त्वही ओळखत. परंतु परक्या भाषेतून सर्व जनतेपर्यंत ज्ञान कधीच पोहोचणार नाही, शेतकऱ्याच्या व कारागिराच्या मुलाला ते त्याच्या स्वतःच्या भाषेतूनच दिले पाहिजे, असे त्यांनी १८४७ मध्ये मंडळापुढे निर्भयपणे मांडले. समोर अध्यक्ष, तेही राज्यकर्त्यांपैकी. तरीही नाना मागे हटले नाहीत. दोन्ही भारतीय सहकारी त्यांच्या बाजूने उभे राहिले. अखेर मुंबई इलाख्यात प्राथमिक शिक्षण देशी भाषांतूनच चालू राहिले.

मुलींच्या शिक्षणाविषयीही नानांनी असेच धैर्य दाखविले. मुलगी शिकली तर घरावर संकट येते, अशी समजूत तेव्हा समाजात रुजलेली होती. १८४९ मध्ये काही तरुणांनी मुंबईत मुलींच्या शाळा काढावयाचे ठरविले, तेव्हा नानांनी गिरगावातील आपल्या वाड्याची जागा शाळेसाठी दिली. प्रतिष्ठित गृहस्थाच्या दारातच शाळा भरू लागली, तेव्हा लोकनिंदेची धार आपोआप बोथट झाली.

मुंबईत लोहमार्ग व्हावा म्हणून १८४५ पासून जमशेटजी जीजीभाई व नाना यांनी खटपट केली. पुढे ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे कंपनीच्या संचालकांत नानांचा समावेश झाला. १६ एप्रिल १८५३ रोजी दुपारी तीन इंजिने जोडलेली चौदा डब्यांची गाडी बोरीबंदराहून ठाण्यास निघाली. शीव ओलांडून ती साष्टी बेटावर आली आणि आजच्या घाटकोपर, भांडुप, मुलुंड या भागांतून धावत गेली. त्या वेळी तेथे शेते व खाजणे होती, आणि जुहू तर साष्टीच्या पश्चिम किनाऱ्यालगतचे एक लहानसे वाळूचे बेट होते.

दरम्यान, २६ ऑगस्ट १८५२ रोजी मुंबईत बाँबे असोसिएशन ही राजकीय संस्था स्थापन झाली होती. नाना तिचे अध्यक्ष होते. कारभारातील दोष दाखविणारा आणि भारतीयांना कायदे करणाऱ्या मंडळात जागा मागणारा अर्ज या संस्थेने इंग्लंडच्या पार्लमेंटकडे धाडला.

अशी मागणी करणाऱ्याची कसोटी लागावयाची होतीच. १८५७ चा उठाव झाला. ऑक्टोबर महिन्यात मुंबईत दोन शिपायांना तोफेच्या तोंडी देण्यात आले. सारे शहर भयाने ग्रासले होते. अशा वेळी नानांचा बंडवाल्यांशी संबंध असावा, असा संशय सरकारदरबारी घेतला गेला. ज्यांच्यावर परदेशचे व्यापारी डोळे मिटून विश्वास टाकीत, त्यांच्याच वर्तनाची चौकशी झाली. नाना डगमगले नाहीत. आरोपास कोणताही आधार सापडला नाही आणि ते निर्दोष ठरले. त्यानंतर लोककार्यातून अंग काढून घेणे त्यांना सोपे होते. पण त्यांनी तसे केले नाही.

१८६१ च्या कायद्याने इलाख्यांच्या विधिमंडळांत भारतीयांची नेमणूक करण्याची वाट खुली झाली आणि १८६२ मध्ये नाना मुंबईच्या विधिमंडळाचे सभासद झाले. दहा वर्षांपूर्वी अर्जाने मागितलेली जागा आता मिळाली होती. हे सभासद लोकांनी निवडलेले नसत, गव्हर्नर त्यांना नेमीत. त्यांचे अधिकारही अल्प होते. तरीही कायदा करणाऱ्यांच्या पंक्तीला भारतीय माणूस बसला, हे त्या काळी लहान पाऊल नव्हते.

३१ जुलै १८६५ रोजी नानांचे देहावसान झाले. मुंबईच्या टाऊन हॉलमध्ये त्यांचा संगमरवरी पुतळा आहे. संस्कृत विषयात उत्तम गुण मिळविणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी त्यांच्या नावाने शिष्यवृत्ती ठेवण्यात आली. नामवंत अर्थतज्ज्ञ चिंतामणराव देशमुख यांनी १९१२ मध्ये ती मिळविली होती. पुतळ्याहून हे स्मारक नानांना अधिक शोभते. धन अनेकजण मिळवितात; परंतु आपल्यावरचा लोकांचा विश्वास हे त्याहून मोठे धन आहे आणि ते लोकांसाठीच वेचावयाचे असते, हे नानांनी आयुष्यभर आचरून दाखविले.