आवाज गेला म्हणून आरशासमोर उभा राहिला आणि ‘ताठ बसा’ या सल्ल्यातली चूक शोधून गेला!

हा लेख वाचताना तुमची मान कुठे आहे? बहुतेक मोबाईलवर झुकलेली. आणि हे वाचून तुम्ही झटकन ताठ बसला असाल. पण पाचच मिनिटांत पुन्हा वाकणार. असं का होतं, याचा शोध एका नटाने लावला. तोही पाठीसाठी नाही, तर गेलेल्या आवाजासाठी.

त्याचं नाव फ्रेडरिक मॅथायस अलेक्झांडर. जन्म 1869 चा, ऑस्ट्रेलियातल्या टास्मानिया बेटावरचा. लहानपणापासून श्वासाचा त्रास, तब्येत नाजूक. तरुणपणी त्याने कथिलाच्या खाण कंपनीत कारकुनी केली. पण वेड होतं नाटकाचं. शेवटी तो मेलबर्नला गेला आणि शेक्सपिअरचे उतारे रंगमंचावर सादर करू लागला.

नाव होऊ लागलं आणि तेव्हाच आवाज बसायला लागला. डॉक्टरांनी विश्रांती सांगितली. त्याने ती घेतली, आवाज सुधारला, पण प्रयोग संपेपर्यंत घसा पुन्हा बसला. एरवी बोलताना काही होत नाही आणि रंगमंचावरच होतं, म्हणजे तिथे आपणच काहीतरी चुकीचं करतोय, हे त्याच्या लक्षात आलं. पण नेमकं काय, हे डॉक्टरांनाही सांगता येईना.

मग त्याने आरसे लावले आणि स्वतःलाच बघत पाठांतर म्हणायला सुरुवात केली. तेव्हा दिसलं की, तोंड उघडायच्या आतच तो मान आखडून डोकं मागे खेचतो, स्वरयंत्र खाली दाबतो आणि तोंडाने जोरात श्वास ओढतो. साध्या बोलण्यातही हेच होत होतं, फक्त कमी प्रमाणात.

आता डोकं पुढे ठेवलं की झालं, असं त्याला वाटलं. त्याने तसं केलंही. पण आरशात बघतो तर डोकं अजूनही मागेच! म्हणजे आपल्याला जे जाणवतं, तेच शरीर करत असतं असं नाही. जुनी सवय इतकी अंगवळणी पडलेली असते की चुकीचंच बरोबर वाटतं. ‘ताठ बस’ म्हटल्यावर आपण छाती काढून, कंबर आखडून बसतो. म्हणजे एका ताणावर दुसरा ताण.

त्याला सापडलेला उपाय उलटा होता. नवीन काही करायचं नाही, आधी चुकीचं थांबवायचं. बोलायची इच्छा झाली की क्षणभर थांबायचं, मान सैल सोडायची, डोकं पुढे आणि वर जाऊ द्यायचं, पाठ लांब-रुंद होऊ द्यायची. मगच बोलायचं, किंवा बोलायचंच नाही. अनेक वर्षांच्या सरावाने त्याचा आवाज परत आला.

1904 मध्ये तो लंडनला गेला. खुर्चीतून उठणं-बसणं यासारख्या साध्या हालचालींमध्ये मानेला-पाठीला हलका हात लावून तो शिकवायचा. जॉर्ज बर्नार्ड शॉ, ऑल्डस हक्स्ली आणि तत्त्वज्ञ जॉन ड्यूई त्याचे विद्यार्थी झाले. 1931 मध्ये त्याने शिक्षक घडवायला सुरुवात केली.

टीकाही झाली. दक्षिण आफ्रिकेतल्या एका नियतकालिकाने 1944 मध्ये त्याला चक्क भोंदू ठरवलं. त्याने अब्रूनुकसानीचा खटला भरला. खटला सुरू होण्याआधीच त्याला पक्षाघाताचा झटका आला, वय 78. तरी तो सावरला, शिकवू लागला आणि 1948 मध्ये खटला जिंकलाही. 1955 मध्ये लंडनमध्ये त्याचं निधन झालं.

2008 मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये एक अभ्यास आला. जुनाट कंबरदुखीच्या ज्या रुग्णांनी या पद्धतीचे 24 धडे घेतले, त्यांचे महिन्यातले दुखण्याचे दिवस वर्षभरानंतरही इतरांपेक्षा बरेच कमी होते. अर्थात दुखणं असेल तर आधी डॉक्टरांकडे जायलाच हवं.

पण पुढच्या वेळी फोन वाजला की लगेच उचलू नका. हात पुढे जायच्या आत मानेचं काय होतंय, तेवढं फक्त बघा.