आधी बोट, मग अर्ज! आनंदीबाई जोशींनी मेडिकल कॉलेजला लिहिलेल्या पत्राची गोष्ट

तारीख होती 28 जून 1883. अमेरिकेतल्या न्यू जर्सी राज्यातलं रोझेल नावाचं छोटंसं गाव. तिथं कार्पेंटर कुटुंबाकडे पाहुणी म्हणून आलेली अठरा वर्षांची एक मराठी मुलगी इंग्रजीतून पत्र लिहीत होती. पत्र जाणार होतं फिलाडेल्फियाच्या वुमन्स मेडिकल कॉलेजला.

आज परदेशात शिकायला जाणारी पोरं एसओपी लिहिताना रात्री जागवतात. पण आधी ऑफर लेटर, मग व्हिसा, मग तिकीट, हा क्रम तरी ठरलेला असतो. आनंदीबाई जोशींचा क्रम उलटा होता. प्रवेश हातात नसताना त्या 7 एप्रिलला कलकत्त्याहून बोटीत बसल्या आणि 4 जूनला न्यूयॉर्कला उतरल्या. नवरा हजारो मैल लांब, अंगावरचे दागिने विकून उभे केलेले पैसे मोजकेच, आणि वर्ग सुरू व्हायला जेमतेम तीन महिने. कॉलेजनं नाही म्हटलं असतं तर?

या पत्राच्या आधी आणखी एक पत्र होतं, आणि ते फसलं होतं.

आनंदीबाई मूळच्या कल्याणच्या, माहेरचं नाव यमुना. नवव्या वर्षी पोस्टात नोकरी करणाऱ्या गोपाळराव जोशींशी लग्न झालं. चौदाव्या वर्षी मुलगा झाला, तो दहा दिवसांत गेला. वेळेवर उपचार मिळाले असते तर बाळ वाचलं असतं, हे त्यांच्या मनात पक्कं बसलं. बायकोला शिकवायचंच या हट्टानं पेटलेल्या गोपाळरावांनी कोल्हापुरात असताना मिशनरी वाइल्डर यांना पत्र लिहिलं. धर्म बदललात तर मदत करू, असं उत्तर आलं. जोशी पतीपत्नींनी ते नाकारलं. पण वाइल्डर यांनी हा पत्रव्यवहार आपल्या मासिकात छापला. पुढं रोझेलच्या थिओडिशिया कार्पेंटर दाताच्या डॉक्टरकडे नंबर यायची वाट बघत बसल्या होत्या, तेव्हा तो त्यांच्या वाचनात आला. त्यांनी थेट आनंदीबाईंना पत्र पाठवलं, आणि दोघींचं मावशी-भाचीचं नातं जुळलं.

आता 1883 च्या अर्जाकडे येऊ.

कॉलेजच्या प्रवेशाच्या सगळ्या अटी आपण पूर्ण करत नाही, हे आनंदीबाईंनी त्यात सरळ मान्य केलं. झाकपाक नाही. आपलं प्रकरण नेहमीपेक्षा वेगळं आहे, तेव्हा सांभाळून घ्यावं, अशी विनंती केली. मग मांडला खरा मुद्दा. आप्तांचा आणि जातीचा विरोध पत्करून ज्या निर्धारानं आपण इथवर आलो, तोच पुढच्या शिक्षणाला पुरेल. आणि आपल्या देशातल्या बायका पुरुष डॉक्टरकडून तपासून घेण्यापेक्षा मरण पत्करतात, त्यांच्यासाठी डॉक्टर व्हायचं आहे. म्हणजे मार्कांची उणीव त्यांनी प्रवासानं भरून काढली. आजच्या कुठल्याही अर्जापेक्षा ही मांडणी कमी हुशारीची नाही.

एवढं नेमकं कसं सुचलं? कारण तालीम आधीच झाली होती. 24 फेब्रुवारीला, निघायच्या सहा आठवडे आधी, सेरामपूर कॉलेजच्या सभागृहात भरलेल्या सभेपुढं त्या इंग्रजीतून बोलल्या होत्या. एकट्या बाईनं परदेशी का जायचं, लोक वाळीत टाकतील त्याचं काय, या प्रश्नांना त्यांनी एकेक करून उत्तरं दिली होती. हिंदू म्हणून जाणार आणि हिंदू म्हणूनच परत येणार, हेही ठणकावून सांगितलं होतं.

पत्रातलं एक वाक्य मात्र आज वाचताना टोचतं. आपली तब्येत चांगली आहे, असं त्यांनी लिहिलं होतं. बंगालमध्ये असताना ताप, डोकेदुखी आणि अशक्तपणा पाठ सोडत नव्हता. कार्पेंटर मावशींनी अमेरिकेहून औषधंही पाठवली होती. अर्जात ते कोण लिहील?

कॉलेजच्या डीन रेचेल बॉडली यांनी प्रवेश दिला, तीन वर्षांसाठी 600 डॉलरची शिष्यवृत्तीही दिली. फिलाडेल्फियाची थंडी साडीत काढत आनंदीबाई शिकल्या, आणि तिथंच क्षयानं गाठलं. साडी नेसलेल्या आनंदीबाई, शेजारी जपानच्या केई ओकामी आणि सीरियाच्या सबात इस्लामबुली, हा सोशल मीडियावर फिरणारा फोटो त्याच कॉलेजातला, ऑक्टोबर 1885 चा.

11 मार्च 1886 ला त्या एम.डी. झाल्या. शेवटच्या प्रबंधाचा विषय होता हिंदूंमधलं प्रसूतिशास्त्र. दहा दिवसांत बाळ गमावलेल्या आईनं दुसरा कुठला विषय निवडला असता, असं वाटत नाही. कोल्हापूरच्या अल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलमध्ये स्त्रियांच्या विभागाची जबाबदारी ठरली होती. पण ती सांभाळण्याएवढी ताकद अंगात उरली नव्हती. 26 फेब्रुवारी 1887 ला पुण्यात त्या गेल्या. वय एकवीस.

गोपाळरावांनी अस्थी कार्पेंटर मावशींकडे पाठवल्या. न्यूयॉर्क राज्यातल्या पोकीप्सीच्या स्मशानभूमीत, कार्पेंटरांच्या कौटुंबिक जागेत, त्या ठेवल्या आहेत.