आगरकरांची स्पष्टोक्ती : ‘केसरी’ ते ‘सुधारक’

गोपाळ गणेश आगरकर यांचा स्पष्टवक्तेपणा हा त्यांचा उपजत स्वभावधर्म होता, असे मानून चरित्रकार बहुधा पुढे जातात. प्रत्यक्षात या स्पष्टोक्तीला एक घडण आहे आणि तिच्या आरंभी एक फसलेला आरोप आहे.

१४ जुलै १८५६ रोजी कऱ्हाडजवळच्या टेंभू गावी जन्मलेल्या आगरकरांचे शिक्षण कऱ्हाड, रत्नागिरी, अकोला अशा भ्रमंतीत व कमालीच्या दारिद्र्यात झाले. डेक्कन कॉलेजात टिळकांशी स्नेह जुळला, एम.ए. होऊनही सरकारी नोकरीकडे पाठ फिरवून ते न्यू इंग्लिश स्कूलच्या कार्यात सामील झाले. जानेवारी १८८१ मध्ये ‘केसरी’ निघाला तेव्हा त्याच्या पहिल्या संपादकाला पंचविसावे वर्षही पूर्ण झाले नव्हते.

कोल्हापूरचे तरुण छत्रपती चौथे शिवाजी यांचा छळ होत असून त्यात दिवाण माधवराव बर्वे यांचा हात आहे, असा आरोप ‘केसरी’ व ‘मराठा’ या पत्रांनी हाती आलेल्या काही पत्रांच्या आधारे केला. ती पत्रे बनावट ठरली. संपादकांनी माफी मागितली; तरीही जुलै १८८२ मध्ये टिळक व आगरकर यांना चार महिन्यांच्या साध्या कैदेची शिक्षा झाली आणि प्रत्यक्षात १०१ दिवस डोंगरीच्या तुरुंगात काढावे लागले. पुढे डिसेंबर १८८३ मध्ये अहमदनगर येथे गोऱ्या सेवकाशी झालेल्या झटापटीनंतर महाराजांचा मृत्यू झाला. म्हणजे चिंता निराधार नव्हती, पुरावा निराधार होता. या प्रकरणाने दोन्ही संपादकांना लोकप्रियता मिळवून दिली, ही गोष्ट मात्र विचार करायला लावणारी आहे. परक्या सत्तेच्या छायेतील दिवाणावर तुटून पडणाऱ्या पत्रकर्त्याला, त्याचा आरोप सिद्ध झाला नाही तरी, लोक डोक्यावर घेतात.

आगरकरांचा पुढील प्रवास नेमका याच्या उलट दिशेने झाला. बालविवाह, विधवांचे केशवपन, संमतिवय या प्रश्नांवर सहकाऱ्यांशी पटेनासे झाले आणि १८८७ मध्ये त्यांनी ‘केसरी’ सोडला. १५ ऑक्टोबर १८८८ रोजी ‘सुधारक’ निघाला. त्याची इंग्रजी बाजू गोपाळ कृष्ण गोखले सांभाळीत. आता टीकेचा विषय दिवाण नव्हता, तर पत्राची वर्गणी भरणारा वाचकच होता. ‘हिंदुस्थानचे राज्य कोणासाठी?’ असे सरकारला विचारणारी लेखणी स्त्रियांच्या पोशाखाविषयी आणि शोकाच्या रूढींविषयी तितक्याच निर्भीडपणे लिहू लागली. बनावट कागदांनी फसण्याचा धोका येथे नव्हता, कारण पुरावा प्रत्येक वाचकाच्या माजघरात होता. तो नाकारता येत नाही, म्हणूनच बहुधा राग अधिक आला. पुण्यात या माणसाची जिवंतपणी प्रेतयात्रा काढण्यात आली. अब्रूनुकसानीच्या खटल्यात निदान बचावाची संधी असते. समाजाच्या रोषापुढे तीही नसते.

चिपळूणकरांचा उपहास प्रतिपक्षाला हास्यास्पद करून सोडतो. आगरकर प्रतिपक्षाचे म्हणणे आधी नीट मांडतात आणि मग त्याचा एकेक आधार काढून घेतात. मिल्ल व स्पेन्सर यांच्या वाचनाने आलेली ही तर्कशिस्त त्यांच्या दीर्घ वाक्यांना पेलते. अर्थात हे सर्वत्र खरे नाही. टिळकांशी झालेल्या वादात दोन्ही बाजूंचा तोल सुटला आणि वैयक्तिक कटुता छापून आली. स्पष्टोक्तीच्या नावाखाली तिचे समर्थन करण्याचे कारण नाही. शिवाय ज्या वाचकाला आगरकर खरे ऐकवू पाहत होते तो प्रामुख्याने शिकलेला, उच्चवर्णीय होता. जोतीराव फुले ज्या शेतकऱ्याविषयी बोलत होते, तो ‘सुधारका’च्या संवादात क्वचितच येतो.

१८९१ मध्ये संमतिवय दहावरून बारा वर्षांवर नेणारा कायदा झाला. आगरकर त्याच्या बाजूने उभे राहिले, टिळक विरोधात. १८९२ मध्ये ते फर्ग्युसन कॉलेजचे प्राचार्य झाले, परंतु दम्याने शरीर पोखरले होते. १७ जून १८९५ रोजी, वयाच्या एकोणचाळिसाव्या वर्षी, त्यांचे निधन झाले. आपल्या अंत्यविधीचा भार कोणावर पडू नये म्हणून त्यांनी पैसे बाजूला बांधून ठेवले होते, असे सांगितले जाते. त्यांच्यावरचा मृत्युलेख टिळकांनी लिहिला आणि तो ‘केसरी’त छापला गेला.