सात मिनिटांचा सिबेलियस

गॅदरिंगसाठी मी एकांकिका लिहीत होतो. चौदा पानं झाली होती. निवडीच्या आदल्या रात्री वाचली आणि वाटलं, छे, काही दम नाही. फाडून टाकली. रूम पार्टनर काही बोलला नाही, त्याने फक्त माझ्या कानाला हेडफोन लावला. व्हायोलिनचे संथ सूर, मागे जुन्या ध्वनिमुद्रणाची खरखर, सगळं मिळून सात-एक मिनिटं. रचना ‘अँडान्टे फेस्तिव्हो’, रचनाकार यान सिबेलियस, आणि ऑर्केस्ट्रा चालवणाराही तोच. मग मी त्याच्या मागेच लागलो.

सिबेलियसचा जन्म ८ डिसेंबर १८६५ चा, फिनलंडमधल्या हॅमेनलिन्ना गावातला. देश रशियाच्या झारच्या ताब्यात. डॉक्टर वडील १८६८ मध्ये कर्ज मागे ठेवून वारले. पोराने १८८५ मध्ये हेलसिंकीला कायद्याला प्रवेश घेतला आणि लवकरच सोडला. (आपल्यापैकी किती जणांना हे जमेल?) त्याला व्हायचं होतं मोठा व्हायोलिनवादक. १८९१ मध्ये व्हिएन्नाच्या नामांकित वाद्यवृंदाची चाचणी दिली, तिथे दांडी उडाली. पण पठ्ठ्या थांबला नाही. पुढच्याच वर्षी फिनिश लोककाव्यावरची ‘कुल्लेर्वो’ ही रचना आली आणि नाव झालं. १८९९ मध्ये वृत्तपत्रांच्या मुस्कटदाबीविरुद्धच्या कार्यक्रमासाठी त्याने संगीत दिलं. त्यातला शेवटचा भाग म्हणजेच ‘फिनलंडिया’. शब्द एकही नाही, तरी अख्ख्या देशाला अर्थ कळला!

१९०४ मध्ये तो यार्व्हेनपाच्या जंगलाकाठी राहायला गेला. बायको आयनो, म्हणून घराचं नाव ‘आयनोला’. १९२४ पर्यंत सात सिंफनी झाल्या, १९२६ मध्ये ‘तापिओला’ आली. आणि मग जवळजवळ शांतता, तीस वर्षांची. आठव्या सिंफनीची जग वाट बघत होतं, बोस्टनहून विचारणा होत होती, हा तारखा देत होता आणि मोडत होता. आपल्या सबमिशनसारखंच! १९४० च्या दशकात त्याने पुष्कळ हस्तलिखितं आयनोलाच्या शेकोटीत घातली. आठवीही त्यातच गेली असं मानतात. त्यानंतर तो शांत झाला, अशी आठवण आयनोने सांगितली आहे.

मी ऐकलं ते ध्वनिमुद्रण १ जानेवारी १९३९ चं, हेलसिंकीहून जगभर गेलेल्या रेडिओ कार्यक्रमातलं. तेव्हा तो ७३ वर्षांचा होता. त्याने स्वतः चालवलेल्या ऑर्केस्ट्राचं एवढंच काय ते उरलंय. २० सप्टेंबर १९५७ च्या संध्याकाळी हेलसिंकीत त्याची पाचवी सिंफनी वाजत होती, आणि तिकडे आयनोलात वयाच्या ९१ व्या वर्षी तो गेला.

आधी वाटलं, बघा, एवढा मोठा माणूसही जाळतोच की. मग लक्षात आलं, त्याने सात पुऱ्या करून आठवी जाळली. आणि पाचवी? ती १९१५ मध्ये वाजवून झाल्यावरही १९१९ पर्यंत पुन्हा पुन्हा दुरुस्त करत बसला, फाडली नाही. मी तर पहिलीच फाडली होती.

चौदापैकी अकरा पानं रूम पार्टनरने कचऱ्यातून काढून ठेवली होती. सेलोटेप आणलाय. उरलेली तीन पुन्हा लिहितोय.