सर रॉबर्ट हॅडफील्ड आणि त्यांचें चिवट पोलाद

विळ्याला पाणी देतांना लोहाराला एक पेंच नेहमींच पडतो. पाणी जास्त चढलें तर धार टिकते, पण पातें दगडावर आपटतांच त्याचा तुकडा उडतो. पाणी कमी पडलें तर पातें तुटत नाहीं, पण धार वळते. जें कठीण तें ठिसूळ आणि जें चिवट तें मऊ, हा धातूंचा जुना स्वभाव आहे. हे दोन गुण एकाच पोलादांत नांदवून दाखविणाऱ्या एका गृहस्थाचें चरित्र आम्ही या अंकांत वाचकांना सादर करीत आहों.

रॉबर्ट ॲबट हॅडफील्ड यांचा जन्म इंग्लंडांतील शेफील्ड शहराच्या ॲटरक्लिफ भागांत २८ नोव्हेंबर १८५८ रोजीं झाला. शेफील्ड म्हणजे सुऱ्या-कात्र्यांचें माहेरघर. वडिलांचा ओतीव पोलादाचा कारखाना होता. शाळा संपल्यावर मुलाला विद्यापीठांत धाडण्याची घरची ऐपत होती. परंतु रॉबर्टचें मन भट्टीकडे ओढलें गेलें. दुसऱ्या एका कारखान्यांत कांहीं काळ उमेदवारी करून तो वडिलांच्या हाताखालीं आला. यावरून आमच्या बालवाचकांनीं भलताच अर्थ काढूं नये! कॉलेजांत न गेलेल्या या गृहस्थांनीं पुढें आयुष्यभरांत दोनशेंहून अधिक शास्त्रीय निबंध लिहिले.

आपल्याकडे नागपूर व भंडारा जिल्ह्यांतील खाणींतून एक काळसर जड दगड निघतो. त्यांत मँगनीज नांवाचा धातु असतो. पोलाद शुद्ध व्हावें म्हणून त्यांत अगदीं थोडें, शेंकडा एकाहूनही कमी, मँगनीज घालण्याची रीत त्या काळीं रूढ होतीच. त्याहून अधिक घालूं लागलें कीं पोलाद ठिसूळ होई. शेंकडा चार-पांचपर्यंत प्रमाण गेलें म्हणजे हातोड्याखालीं त्याचा चक्क चुरा होत असे. येथवर येऊन बहुतेक सर्वांनीं हात टेकले, आणि त्यांत नवल तें काय? तरुण हॅडफील्ड मात्र प्रमाण वाढवीतच गेले. १८८२ सालीं, वयाच्या चोविसाव्या वर्षीं, शेंकडा बारा-तेरा भाग मँगनीज असलेलें पोलाद त्यांच्या हातीं आलें. ठिसूळपणा पार नाहींसा झाला होता. साधें कडक पोलाद लाल तापवून पाण्यांत बुडविलें तर कांचेसारखें फुटकें होतें. हें नवें पोलाद तसें बुडविल्यावर उलट अधिकच चिवट झालें. त्यांत सहा-सप्तमांशांच्या आसपास लोखंडच होतें, तरी लोहचुंबकाला तें दाद देईना.

याचें कारण पुढील काळांतील शास्त्रज्ञांनीं उलगडून दाखविलें. लोखंड खूप तापलें म्हणजे त्याचे परमाणु एका विशिष्ट रचनेंत बसतात व थंड होतांना ती रचना मोडते. मँगनीज व कार्बन मिळून ती तप्त रचना थंडपणींही टिकवून धरतात. अशा पोलादावर घाव बसला कीं तें न तडकतां किंचित् दबतें, आणि जेथें घाव बसला तेवढाच थर कठीण होतो. आंतील गाभा चिवटच राहतो. जितका मार खावा तितका वरचा भाग बळकट, असा हा प्रकार आहे.

१८८३ सालीं त्यांनीं पेटंट घेतलें. तथापि गिऱ्हाइकें कांहीं धांवून आलीं नाहींत. पोलादाचा गुणच त्याच्या आड आला. हत्यारानें कापूं गेलें तर हत्याराखालींच तें कठीण होई! वस्तु हवी त्या आकाराची ओतावी आणि सहाणेच्या चाकावर घासावी, एवढाच मार्ग उरला. शेवटीं दगड फोडणाऱ्या यंत्रांचे जबडे, जमीन उकरणाऱ्या यंत्रांचे दांते आणि एक रूळ दुसऱ्याला छेदून जातो त्या जागेचे तुकडे, अशा सतत मार खाणाऱ्या कामांत त्याची योग्यता लोकांना पटली. १८८८ सालीं वडील वारले व कारखान्याचा सारा भार हॅडफील्ड यांच्यावर पडला. १८९० नंतरच्या पहिल्या कांहीं वर्षांतच त्यांनीं कामगारांसाठीं आठ तासांचा दिवस सुरू केला, ही गोष्ट आम्हांला त्यांच्या शोधाइतकीच मोलाची वाटते. सिलिकॉन घातलेलें त्यांचें दुसरें पोलाद विजेच्या यंत्रांत फार उपयोगी ठरलें. १९०८ मध्यें त्यांना सर ही पदवी मिळाली आणि १९०९ मध्यें ते रॉयल सोसायटीचे सभासद झाले.

पहिल्या महायुद्धांत, १९१५ सालीं, जॉन ब्रॉडी यांनीं इंग्रज सैनिकांसाठीं पसरट टोपाची योजना मांडली. हे टोप प्रथम साध्या पोलादाचे होते. हॅडफील्ड यांच्या सूचनेवरून मँगनीज पोलादाचे होऊं लागले. डोक्यावर फुटणाऱ्या तोफगोळ्यांतील शिशाची गोळी आदळली तर टोपाला पोचा येई, पण तो सहसा फुटत नसे. किती आयांचीं मुलें त्यामुळें घरीं परतलीं, याची मोजदाद कोण करणार? परंतु खरें तें सांगितलेंच पाहिजे. ज्यांच्या पोलादानें डोकीं वाचलीं, त्यांच्याच कारखान्यांतून तोफगोळेही मोठ्या संख्येनें बाहेर पडत होते. हा हिशेब आम्हांला जुळवितां येत नाहीं. त्यांच्या पत्नी लेडी फ्रान्सिस यांनीं त्याच काळांत फ्रान्समध्यें विमरो येथें जखमी सैनिकांसाठीं रुग्णालय चालविलें, एवढें नमूद करून पुढें जातों.

प्राचीन धातूंविषयीं हॅडफील्ड यांना मोठी जिज्ञासा होती. दिल्लीच्या लोहस्तंभाच्या एका तुकड्याचें पृथक्करण त्यांनीं १९१२ मध्यें प्रसिद्ध केलें. त्यांत मँगनीज मुळींच नव्हतें. फॉस्फरस मात्र शेंकडा ०.११४ आढळला, आणि स्तंभ गंजत नाहीं याचें श्रेय आजचे शास्त्रज्ञ बऱ्याच अंशीं त्यालाच देतात. मायकेल फॅरडे यांनीं शंभर वर्षांपूर्वीं केलेल्या मिश्र पोलादाचे ७९ नमुने एका पेटींत पडून होते; तेही तपासून हॅडफील्ड यांनीं १९३१ मध्यें त्यांवर ग्रंथ लिहिला.

३० सप्टेंबर १९४० रोजीं त्यांचें निधन झालें. शेफील्ड येथील त्यांचा ईस्ट हेक्ला कारखाना आतां उरलेला नाहीं. त्या जागीं १९९० मध्यें मेडोहॉल नांवाची मोठी बाजारपेठ उघडली. रूळ एकमेकांना छेदतात तेथील तुकडे मात्र आपल्या रेल्वेंतही अजून मँगनीज पोलादाचेच ओतलेले असतात.