विश्लेषण : अफूतून मॉर्फिन वेगळे करणारे सेर्ट्युर्नर कोण होते? त्यांच्या शोधाकडे दशकभर दुर्लक्ष का झाले?

कर्करोगाच्या असह्य वेदनांवर आजही मॉर्फिन दिले जाते. जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीतही त्याचा समावेश आहे. अफूतून ते वेगळे काढणारे फ्रीडरिश सेर्ट्युर्नर यांच्याकडे ना विद्यापीठाचे शिक्षण होते ना प्रयोगशाळा. जर्मनीतील एका औषधालयात काम करणाऱ्या या विशीतील तरुणामुळे औषधी वनस्पतींकडे पाहण्याची शास्त्राची पद्धतच बदलली.

औषधालयातला उमेदवार

सेर्ट्युर्नर यांचा जन्म १९ जून १७८३ रोजी पाडरबोर्नजवळच्या नॉयहाउस येथे झाला. वडिलांच्या निधनानंतर घरची परिस्थिती बदलली आणि १७९९ मध्ये ते पाडरबोर्नच्या औषधालयात उमेदवारी करू लागले. चार वर्षांनी परीक्षा देऊन ते तिथेच सहायक झाले. मुळ्या कुटणे, काढे व अर्क तयार करणे हे त्यांचे रोजचे काम. याच कामात त्यांना अफूची मोठी अडचण लक्षात आली.

अफूची नेमकी अडचण काय होती?

खसखशीच्या कच्च्या बोंडाला चीर दिली की निघणारा चीक वाळवून अफू तयार होते. वेदना थांबवण्यासाठी ती हजारो वर्षे वापरात होती. मात्र प्रत्येक अफूचा जोर वेगळा. पीक, हवामान, साठवण आणि भेसळ यांनुसार तो बदलत असे. त्यामुळे तेवढ्याच वजनाच्या अफूने एका रुग्णाला काहीच फरक पडत नसे, तर दुसऱ्याच्या जिवावर बेतत असे. अफूतील नेमका कोणता घटक काम करतो हे कळल्याशिवाय मात्रा ठरवणे शक्य नव्हते.

मॉर्फिन वेगळे कसे केले?

सेर्ट्युर्नर यांनी १८०४-०५ च्या सुमारास अफूचा पाण्यात अर्क काढला आणि त्यात अमोनिया मिसळला. तळाशी साका बसला. तो धुऊन, आम्लात विरघळवून आणि पुन्हा अमोनियाने खाली बसवून त्यांनी शुद्ध केला. हाती आले रंगहीन स्फटिक.

स्फटिक मिळाले म्हणजे अफूचा गुण त्यांच्यातच आहे असे सिद्ध होत नाही. म्हणून त्यांनी ते कुत्र्यांना खाऊ घातले. कुत्रे गुंगले. उरलेल्या भागांत तसा परिणाम दिसला नाही. वनस्पतीचा अर्क वेगवेगळ्या भागांत विभागायचा, प्रत्येक भागाची सजीवावर चाचणी घ्यायची आणि परिणाम दिसेल त्याच भागाचा माग काढायचा, ही पद्धत नवे औषधी घटक शोधताना आजही वापरली जाते.

या शोधाकडे दुर्लक्ष का झाले?

हा पदार्थ आम्लारीधर्मी होता. वनस्पतींतील गुणकारी घटक आम्लधर्मी किंवा उदासीन असतात, असा त्या काळी समज होता. त्यात संशोधक एक अनोळखी सहायक. १८०५-०६ मध्ये औषधशास्त्राच्या नियतकालिकात त्यांचे लेखन छापून आले, पण त्याची फारशी दखल कोणी घेतली नाही. शिवाय फ्रान्समध्ये डेरोन आणि सेगँ हेही अफूवर काम करत होते. पण मिळालेला पदार्थ हा स्वतंत्र अल्कली असून अफूचा मुख्य गुण त्याचाच आहे, हे सेर्ट्युर्नर यांनी स्पष्टपणे मांडले.

स्वतःवरचा धोकादायक प्रयोग

पुढे आइनबेक येथे स्थायिक झाल्यावर त्यांनी हे काम पुन्हा हाती घेतले. या वेळी त्यांनी स्वतःवर आणि सुमारे सतरा वर्षांच्या तीन मुलांवर प्रयोग केला. पाऊण तासात प्रत्येकी अर्धा ग्रेन, म्हणजे सुमारे ३० मिलिग्रॅमच्या तीन मात्रा घेतल्या. आधी चेहरे लाल झाले, मग मळमळ, चक्कर, पोटदुखी आणि गुंगी आली. धोका ओळखून सेर्ट्युर्नर यांनी सर्वांना व्हिनेगर पाजून उलट्या करवल्या. चौघेही बचावले. आजच्या नियमांत असा प्रयोग कोणत्याही नैतिक समितीपुढे टिकणार नाही.

हे निष्कर्ष १८१७ मध्ये प्रसिद्ध झाले. ग्रीक पुराणातील स्वप्नांचा देव मॉर्फियस याच्यावरून त्यांनी पदार्थाला मॉर्फियम हे नाव दिले. फ्रेंच शास्त्रज्ञ गे-ल्युसॅक यांनी या लेखाचे महत्त्व ओळखून त्याचा फ्रेंच अनुवाद करवून घेतला. तिथे नाव झाले मॉर्फिन.

त्यानंतर काय घडले?

संशोधकांना दिशा मिळाली. पेलेतिए आणि कावाँतू यांनी १८१८ मध्ये काजऱ्याच्या वर्गातील बियांतून स्ट्रिक्नीन आणि १८२० मध्ये सिंकोनाच्या सालीतून हिवतापावरचे क्विनीन वेगळे केले. अशा पदार्थांना अल्कलॉइड हे नाव मिळाले. १८२७ मध्ये डार्मश्टाटच्या मर्क औषधालयाने मॉर्फिनची व्यापारी विक्री सुरू केली. त्याची रेणुरचना रॉबर्ट रॉबिन्सन यांनी १९२५ मध्ये सुचवली. प्रयोगशाळेत मॉर्फिन तयार व्हायला मात्र १९५२ साल उजाडले.

सेर्ट्युर्नर यांना काय मिळाले?

येना विद्यापीठाने १८१७ मध्ये त्यांना मानद डॉक्टरेट दिली. १८३१ मध्ये फ्रान्सच्या विज्ञान संस्थेने दोन हजार फ्रँकचे पारितोषिक दिले. पण फ्रेंच अमलात मिळालेला आइनबेकमधील औषधालयाचा परवाना नेपोलियनच्या पाडावानंतर गेला. १८२० मध्ये ते हामेल्नला आले. कॉलरामागे सजीव कारण असावे, असे मत त्यांनी तिथून मांडले. जंतूंचा सिद्धान्त तेव्हा प्रस्थापित व्हायचा होता. २० फेब्रुवारी १८४१ रोजी त्यांचे निधन झाले.

भारताशी संबंध काय?

एकोणिसाव्या शतकात माळव्याची अफू मुंबई बंदरातून चीनला जात असे. आज मध्य प्रदेश, राजस्थान आणि उत्तर प्रदेशात सरकारी परवान्याने अफूची शेती होते. नीमच आणि गाझीपूरला सरकारी कारखाने आहेत. व्यसनाच्या भीतीमुळे १९८५ च्या अमली पदार्थ कायद्यात कडक अटी आल्या आणि वेदनेने तळमळणाऱ्या रुग्णांनाही मॉर्फिन मिळणे अवघड झाले. २०१४ च्या दुरुस्तीने त्या अटी सैल झाल्या. मोजून दिले तर औषध, बेहिशेबी घेतले तर विष, हा अफूचा गुणधर्म कायम आहे. ती मात्रा मोजता येणे शक्य झाले ते सेर्ट्युर्नर यांच्या स्फटिकांमुळे.